ज्ञानकोशातील भाषाविज्ञान आणि आपले श्रमदान

(सोसायटीच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी या विषयांवर या मेळाव्यात जाणकार मंडळी बोलत असतात. आमच्याकडे सोपविलेला विषय थोडा निराळा आहे. विकिपीडिया या इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात भाषाविज्ञानाचे लेखन स्वयंसेवकांनी संघटितपणे कसे करावे, हा तो विषय होय. बँकेत व्हाउचरे तपासणाऱ्या माणसाचा भाषाविज्ञानाशी काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर, प्राध्यापक नव्हे. परंतु या ज्ञानकोशाचे वैशिष्ट्यच असे की, तेथे लिहिणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही. तुम्ही लिहिलेल्या वाक्याला आधार कोणता, एवढेच विचारले जाते. हा नियम आम्हांला फार मोलाचा वाटतो.

मराठीला ज्ञानकोशांची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ही थोर कामे होत. पण ती तज्ज्ञांनी लिहावयाची आणि आपण वाचावयाची. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. येथे वाचणाराच लिहिणारा होऊ शकतो. आज इंग्रजीत सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत. मराठीत ती संख्या सुमारे एक लाख आहे. परंतु लेखांच्या संख्येवर समाधान मानण्यात अर्थ नाही. कित्येक लेख दोन-तीन ओळींचे आहेत आणि भाषाविज्ञानासारख्या विषयात तर ही उणीव विशेष जाणवते.

आता भाषाविज्ञानच का? इतिहास आहे, विज्ञान आहे, कायदा आहे. मग हा कोरडा विषय आपण कशासाठी हाती घ्यावा? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. वस्तीतले, खेड्यातले मूल शाळेत उभे राहून 'पानी' म्हणते आणि वर्ग हसतो. 'अशुद्ध बोलतोस' असे त्याला सांगण्यात येते. हळूहळू ते मूल वर्गात बोलणेच बंद करते. त्याची हुशारी जाते कोठे? ती जिभेवरच गोठते. हेच मूल हिंदीच्या तासाला 'पानी' म्हणते तेव्हा मात्र कोणी हसत नाही!

भाषाविज्ञान याविषयी काय सांगते? संस्कृतातला शब्द 'पानीय'. त्यात 'न' आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि पुढे मराठीत 'पाणी' आले. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो 'पाणी' हा शब्दच मुळी उच्चार बदलून तयार झालेला आहे. अनेक बोलींत 'न' आणि 'ण' असा भेद केला जात नाही, ही त्या बोलींची पद्धत आहे. जिभेचा दोष नव्हे. वऱ्हाडीत 'डोळा' चा 'डोया' होतो, तोही एक-दोघांच्या लहरीने नाही. 'ळ' च्या जागी 'य' येण्याचा तेथे नियम आहे. प्रत्येक बोलीला स्वतःचे व्याकरण असते. प्रमाण भाषा ही शिक्षण, शासन आणि छपाई यांच्या सोयीसाठी ठरलेली एक बोलीच होय. प्रमाण भाषा शिकावीच, त्याशिवाय परीक्षा व नोकरी नाही. पण घरच्या बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही. ही गोष्ट पुस्तकांत लिहिलेली आहे. परंतु ती पुस्तके महाविद्यालयांच्या कपाटांत आहेत. मोबाइलवर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोप्या मराठीत, पुराव्यानिशी मिळाली पाहिजे. आमच्या विषयाचे सारे महत्त्व एवढ्या एका वाक्यात आहे.

या शास्त्रात रुक्षपणाच आहे असेही नाही. 'जग' हा शब्द पाहा. 'हे जग मोठे आहे' यातला 'ज' वेगळा आणि 'तू सुखाने जग' यातला 'ज' वेगळा. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च' चेही तसेच. कान फरक ओळखतो, पण आपली लिपी तो दाखवीत नाही. दुसरे उदाहरण. 'आम्ही जाऊ' म्हटले तर ऐकणारा त्यात नाही. 'आपण जाऊ' म्हटले तर ऐकणाराही त्यात आला. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. हिंदीतही 'हम' एकच. द्राविडी भाषांत मात्र असा भेद आढळतो, आणि मराठीचा त्या भाषांशी शेकडो वर्षांचा शेजार आहे. जी भाषा आपण रोज बोलतो, तिच्यात एवढा इतिहास दडलेला आहे.

महाराष्ट्रात केवळ मराठीच बोलली जाते असे नाही. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा, तर मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या परिसरात निहाली नावाची भाषा बोलणारे थोडे लोक आहेत. तिचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. एफ. बी. जे. कायपर या डच विद्वानाने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्यांची संख्या अवघी दोन-अडीच हजारांच्या घरात मानली जाते. आपल्याच राज्यातील या भाषेची माहिती परदेशी विद्वानाला होती आणि आपल्या पदवीधरांना नाही, ही स्थिती भूषणावह म्हणता येणार नाही.

आता हे काम अन्यत्र कसे चालते ते पाहू. इंग्रजी विकिपीडियावर भाषाविज्ञानाचा एक स्वतंत्र 'विकिप्रकल्प' आहे. विकिप्रकल्प म्हणजे एका विषयात रस असणाऱ्या स्वयंसेवकांचा गट. हा गट विषयातील लेखांची यादी ठेवतो. प्रत्येक लेखाला दर्जा देतो: अगदी छोटा, प्राथमिक, बरा, उत्तम, याप्रमाणे. दुसरीकडे लेख किती महत्त्वाचा आहे तेही नोंदवितो. या दोन नोंदी एकत्र पाहिल्या की, महत्त्वाचे असूनही कच्चे राहिलेले लेख चटकन हाती लागतात आणि श्रम कोठे करावेत ते कळते. २०१५ साली अमेरिकेतील भाषावैज्ञानिकांच्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात ग्रेचेन मॅककलक या लेखिकेच्या पुढाकाराने संपादन-मेळावा भरला. अभ्यासक एकत्र बसले आणि भाषाविज्ञानाचे लेख सुधारू लागले. अपुरे लेख, अल्पज्ञात भाषा आणि उपेक्षित राहिलेले भाषावैज्ञानिक, यांकडे त्या उपक्रमात विशेष लक्ष देण्यात आले. यातून घेण्यासारखा धडा असा की, उत्साह तर हवाच, पण त्याआधी यादी हवी.

या कामात धोकाही आहे. २०२० साली असे उघडकीस आले की, स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरील हजारो लेख अमेरिकेतील एका किशोराने लिहिले होते आणि त्याला ती भाषाच नीट येत नव्हती. इंग्रजी वाक्ये घेऊन त्यांत शब्द बदलण्याचे काम तो वर्षानुवर्षे करीत राहिला. त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्या लेखांवरून लोकांनी समज करून घेतला की, स्कॉट्स म्हणजे मोडकी-तोडकी इंग्रजी! एखाद्या भाषेची बदनामी शत्रूच करतो असे नाही. घाईने काम करणारा मित्रही करतो. आजकाल भाषांतराची यंत्रे व मजकूर तयार करणारे संगणक हाताशी आहेत, त्यामुळे हा धोका वाढला आहे. यंत्राने दिलेला मजकूर न वाचता चिकटविणे म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या स्लिपवर डोळे मिटून सही करणे होय. शिवाय ही यंत्रे विकिपीडियाचाच मजकूर वाचून शिकतात. आपण आज चुकीचे लिहिले तर उद्या तेच चुकीचे शतपटीने परत येईल.

मग काम कसे करावे? आमच्या वाचनालयातील काही मंडळींनी मिळून जी पद्धत ठरविली आहे ती सांगतो. बरीचशी बँकेच्या शिस्तीतून आलेली आहे, याबद्दल कोणी हसू नये.

पहिली गोष्ट, काम लहान तुकड्यांत वाटावे. 'मराठी व्याकरणावर लेख लिहा' असे सांगितले तर कोणीही लिहीत नाही. 'आम्ही आणि आपण यांतील फरकावर दोन परिच्छेद लिहा आणि दोन पुस्तकांचा आधार द्या' असे सांगितले तर बारावीचा विद्यार्थीही लिहितो. एकाने आधार शोधावा, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने शुद्धलेखन पाहावे, चौथ्याने दुवे व वर्ग जोडावेत. ज्याला टंकलेखन येत नाही पण पुस्तकांची माहिती आहे, अशा निवृत्त शिक्षकालाही या कामात जागा आहे.

दुसरी गोष्ट, व्हाउचरशिवाय लेजरला नोंद नाही. प्रत्येक विधानामागे पुस्तक, लेखक आणि पृष्ठ हवे. ही रीत विकिपीडियाने नव्याने शोधलेली नाही. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ साली जनतेला आवाहन केले, तेव्हा सामान्य वाचकांनी शब्द, वाक्य, पुस्तक व पान यांची नोंद असलेल्या चिठ्ठ्या लक्षावधींच्या संख्येने पाठविल्या. आपल्याकडेही जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले, त्यांतील बोलींचे नमुने जिल्ह्या-जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले होते. मोठे ग्रंथ एका नावाने ओळखले जातात, पण त्यांचा पाया असंख्य अनाम हातांनी घातलेला असतो.

आधारग्रंथांची आपल्याकडे वाण नाही. ग्रिअर्सन यांच्या पाहणीचा सातवा खंड संपूर्ण मराठीला दिलेला आहे. तो १९०५ साली निघाला. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० सालचा. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलीविषयक पुस्तिका १९६३ पासून निघू लागल्या. डॉ. अशोक केळकर यांचे लेखन आहे. रमेश धोंगडे व काशी वाली यांचे मराठी व्याकरणावरील इंग्रजी पुस्तक २००९ साली आले. मात्र आधार घेणे म्हणजे उतारे उचलणे नव्हे. पुस्तक मिटावे, समजलेले आपल्या शब्दांत लिहावे आणि मग पुन्हा पुस्तक उघडून ताळा करावा. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा घातला तर तो काढून टाकला जातो, आणि ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट, लिहिणारा आणि तपासणारा एक नसावा. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पक्की होत नाही. तसेच येथे करावे. नवीन मजकूर आधी 'धूळपाटी'वर लिहावा. धूळपाटी म्हणजे सरावाचे पान. प्रत्येक सदस्याला ते मिळते. सहकाऱ्याने ते वाचले की मग मजकूर लेखात न्यावा. मतभेद झाल्यास लेखाच्या 'चर्चा' पानावर सभ्य भाषेत मुद्दा मांडावा. लेखाच्या इतिहासात प्रत्येक बदल नोंदलेला राहतो, त्यामुळे कोणी मजकूर पुसला तरी तो परत आणता येतो. म्हणून चिडण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट परिभाषेची. एकाने 'रूपिका' लिहायचे, दुसऱ्याने 'पदिम', आणि वाचणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी समजायच्या, असे होता कामा नये. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपलब्ध आहेत. त्यांतून शंभर-दीडशे शब्दांची यादी प्रथम तयार करावी, प्रत्येक शब्दाचा अर्थ एका ओळीत व उदाहरणासह द्यावा आणि मगच लेखांना हात घालावा. 'स्वनिम' हा शब्द भयंकर वाटतो. पण 'काल' आणि 'गाल' यांत ज्या एका ध्वनीमुळे अर्थ बदलतो तो स्वनिम, असे सांगितले की आठवीचे मूलही समजते.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. ती म्हणजे तटस्थपणा. कोकणीचे उदाहरण घ्या. १९०५ सालच्या खंडात ग्रिअर्सन यांनी तिचा समावेश मराठीत केला. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. अहिराणीला अनेकजण मराठीची बोली म्हणतात. ग्रिअर्सन यांनी मात्र खानदेशीला भिल्ल भाषांबरोबर वेगळ्या खंडात ठेवले, आणि २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजलेली असून तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांवर आहे. अशा वेळी आपले मत लिहू नये. कोणी केव्हा काय म्हटले ते क्रमाने लिहावे आणि निर्णय वाचकावर सोडावा. आपल्या बोलीवरचे प्रेम चर्चेत असावे, लेखात पुरावा असावा.

येथे विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारतात. आमच्या आजीला जे शब्द येतात ते कोणत्याच पुस्तकात नाहीत, मग त्यांचे काय? ज्यांना शतकानुशतके लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागणे हा अन्याय नव्हे काय? प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऐकीव माहिती ज्ञानकोशात जात नाही हा नियम आहे. तो मोडला तर उद्या कोणीही काहीही लिहील आणि त्याचा पहिला फटका दुर्बलांनाच बसेल. परंतु नियमाच्या आत राहूनही वाटा आहेत. उच्चारांचे ध्वनिमुद्रण करून ते विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात ठेवता येते. 'लिंग्वा लिब्रे' नावाची सोय त्यासाठीच आहे. शब्दांची यादी समोर ठेवून एकेक शब्द उच्चारावयाचा. आजीची परवानगी घ्यावी, गावाचे व बोलीचे नाव नोंदवावे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण करून निवेदने ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांचा आधार घेता येतो. आणि सर्वांत दूरची पण खरी वाट अशी की, तुमच्यापैकी काहींनी भाषाविज्ञान घेऊन एम. ए. करावे, पीएच. डी. करावी, आपल्या बोलीवर संशोधन करून ते प्रसिद्ध करावे. मग आजीचा शब्द पुस्तकात येईल आणि पुस्तकातून ज्ञानकोशात. पुरावा नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा पुरावा तयार करणारे आपण व्हावे.

या ठिकाणी पालीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली यांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. परमपूज्य बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने ते काम त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. अनेक भाषांचा अभ्यास करणाऱ्या, देशाची घटना घडविण्याच्या व्यापातही शब्दांच्या नोंदींसाठी वेळ काढणाऱ्या त्या महापुरुषाचे आपण अनुयायी आहोत. पाली शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी पालीचे ध्वनी, विभक्ती, क्रियापदे यांवर मराठीत चार-पाच चांगले लेख सिद्ध केले, तर दर्जाच्या घोषणेपेक्षा ते काम अधिक टिकाऊ ठरेल.

शेवटी एक ठोस योजना मांडतो. दहा स्वयंसेवक, आठवड्याला प्रत्येकी दोन तास. पहिल्या महिन्यात यादी करावयाची: कोणते लेख नाहीत, कोणते अपुरे आहेत. दुसऱ्या महिन्यात परिभाषेचे शब्द ठरवावयाचे. तिसऱ्या महिन्यापासून महिन्याला एकच लेख, पण पूर्ण. स्वनिम, बोली, प्रमाण भाषा, भाषाकुळ, वऱ्हाडी, अहिराणी, कोरकू, निहाली, पाली व्याकरण, असे वर्षाला दहा लेख. आकडा लहान वाटेल. परंतु हे दहा लेख आधारासह असतील आणि ते वाचणाऱ्याला फसविणार नाहीत. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात बसून हिशोब घ्यावयाचा. यात मानधन नाही, हार-तुरे नाहीत, लेखाखाली नावही छापले जात नाही. ज्याला हे चालत असेल त्यानेच यावे.

मित्रांनो, वर्गातल्या ज्या मुलाला 'पानी' म्हटल्याबद्दल हसले गेले, ते मूल उद्या मोबाइलवर शोधील की, आपण खरोखरच चुकीचे बोलतो काय. त्या वेळी त्याच्यासमोर रिकामे पान यावे की पुराव्यानिशी लिहिलेला, समजेल असा लेख यावा, हे आज ठरवावयाचे आहे. आतापर्यंत हे काम 'आम्ही' करीत होतो. यापुढे ते 'आपण' करावे, एवढीच विनंती. मराठी भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगाच नव्हे.